औषध लागू पडेनासे का होते?

(नभोवाणीवरील भाषण)



कापसाच्या मुलखात बोंडे भरू लागली की एक तक्रार हटकून कानी येते. ‘औषध पूर्वीसारखे राहिले नाही,’ असे शेतकरी म्हणतो. कोणी दुकानदाराच्या भेसळीला दोष देतो, कोणी कारखानदाराच्या लबाडीला, तर कोणी लहरी हवेला. यांतील प्रत्येक कारण कधी ना कधी खरे असते. भेसळ होते, मुदत उलटलेला माल गळ्यात मारला जातो, आणि फवारणी आटोपून तास झाला नाही तोच सर येऊन सारे कष्ट धुऊन नेते, हेही घडते. परंतु अस्सल औषध, योग्य मात्रेत, कोरड्या हवेत फवारूनही अळी जेव्हा सुखाने बोंड खात बसते, तेव्हा दोष बाटलीत शोधून भागत नाही. तो अळीच्या वंशात शोधावा लागतो. निमाड असो, भडोच असो, धारवाड असो की वरंगळ, जेथे जेथे कपाशी आहे तेथे तेथे हा प्रश्न दारात उभा आहे. आज त्याचाच थोडा विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘किडीला औषधाची सवय झाली,’ असे आपण सहज बोलून जातो. अफूबाजाला जशी अफू पचू लागते, तसे अळीला विष पचू लागले, अशी आपली कल्पना असते. वस्तुस्थिती निराळी आहे. जी अळी विषाने मरायची ती मरतेच. तिला सवय लावून घ्यायला सवड मिळत नाही. परंतु हजारो अळ्यांत एखादी अशी असते की जन्मतःच तिच्यावर त्या विषाचा अंमल बेताचा चालतो. औषध बाजारात येण्यापूर्वीही ती तशीच होती. मात्र त्या गुणाचा तिला काही उपयोग नव्हता. आपण फवारा मारतो, तिच्या सगळ्या बहिणी मरतात आणि सारे शेत तिला मोकळे होते. कपाशीवरील बोंडअळीचा एक मादी पतंग हजाराच्या घरात अंडी घालतो आणि उन्हाळी हवेत महिनासव्वा महिन्यात नवी पिढी उडू लागते. त्या पिढीला आईचा गुण वारशाने मिळालेला असतो. शेतकरी खळ्यावर टपोरे कणीस बियाण्यासाठी बाजूला काढतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे आपण न कळत किडीच्या बियाण्याची निवड करीत असतो.

तिच्यावर विषाचा अंमल का चालत नाही? याची कारणे मुख्यतः तीन आहेत. पायरेथ्रॉइड जातीची औषधे किडीच्या मज्जातंतूंवर ज्या सूक्ष्म जागी जाऊन बसतात, त्या जागेची घडण एखाद्या किडीत किंचित निराळी असते. विष तेथे नीट बसतच नाही. दुसऱ्या एखाद्या किडीच्या शरीरात विषाचे तुकडे करणारी विकरे अधिक प्रमाणात तयार होतात आणि विष मर्मस्थानी पोहोचण्यापूर्वीच निकामी होते. तिसऱ्या एखादीची कातडीच अशी की तिच्यातून विष आत झिरपायला उशीर लागतो. पुष्कळदा हे गुण एकाच किडीत एकत्र येतात, आणि मग एका औषधाबरोबर त्याच घराण्यातली दुसरी औषधेही वाया जातात.

हा अनुभव काही आजचा नव्हे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात फळबागांवरील सॅन होजे नावाची खवलेकीड चुना-गंधकाच्या फवाऱ्याला दाद देत नाही, हे मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ सालीच मांडले होते. त्या वेळी कोणी ते फारसे मनावर घेतले नाही. पुढे १९३९ साली पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला, १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि कीटकांचे युग संपले असे जगाला वाटले. ते पारितोषिक मिळण्यापूर्वीच युरोपातल्या घरमाश्या डीडीटीला जुमानीनाशा झाल्या होत्या. आपल्या देशात शेतीवरील किडींपैकी या बाबतीत पहिली नोंद झाली ती शिंगाड्याच्या वेलीवरील भुंग्याची, १९६३ साली. आज जगभर सहाशेच्या वर कीटकांच्या व कोळ्यांच्या जाती कोणत्या ना कोणत्या औषधाला पुरून उरल्या आहेत.

पण यादी वाचून प्रश्नाची धार कळत नाही. त्यासाठी कपाशीकडे वळले पाहिजे. देशातील लागवडीच्या क्षेत्रापैकी कपाशीचा वाटा सुमारे पाच टक्क्यांचा. पण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत देशात खपणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी या एका पिकावर ओतली जात होती. १९८० च्या सुमारास सायपरमेथ्रिन, फेनव्हॅलरेट, डेल्टामेथ्रिन अशी पायरेथ्रॉइड जातीची औषधे आली. मात्रा थोडी, गुण तत्काळ, किंमत आवाक्यातली. किनारपट्टीच्या आंध्रातील गुंटूर व प्रकाशम जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीत कपाशीचे क्षेत्र वाढत होते आणि ही औषधे तेथे वरदानच वाटली. आठवड्याला एक फवारा, मग आठवड्याला दोन, असे करता करता काही शेतांत एका हंगामात वीस-वीस, तीस-तीस फवारण्या होऊ लागल्या. प्रथम पांढरी माशी माजली, कारण तिला खाणारे मित्रकीटक या फवाऱ्यांनी मेले होते. नंतर १९८७ चा हंगाम आला. हिरव्या बोंडअळीने, जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो आणि हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून ओळखतो, तिने साऱ्या मुलखात कपाशी फस्त केली. औषध मारावे, अळी झटकून टाकल्यासारखे करून पुन्हा खाऊ लागावी. उसनवारीवर घेतलेली औषधे संपली, पीक गेले आणि देणे मात्र राहिले. त्या हंगामात व त्यानंतरच्या महिन्यांत त्या दोन जिल्ह्यांत कित्येक कापूस-शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. दहा वर्षांनी, १९९७-९८ मध्ये, वरंगळच्या भागातही तसेच दुःख पुन्हा पाहावे लागले. तेथे अवकाळी पाऊस, कर्ज, भेसळ अशी इतर कारणेही होती. परंतु किडीपुढे औषध हरले, हे त्यांतले एक मोठे कारण होते.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. औषधाचा गुण हळूहळू उतरत असेल तर ते शेतकऱ्याच्या ध्यानात वेळीच का येत नाही? याचे उत्तर साध्या त्रैराशिकाने मिळते. केवळ समजुतीसाठी असे धरा की एका शेतात दहा हजार अळ्या आहेत आणि त्यांपैकी दहा औषधाला न जुमानणाऱ्या आहेत. औषध साध्या अळ्यांपैकी शेकडा नव्वद मारते. नरमादीच्या संकराचा गुंता तूर्त बाजूला ठेवू आणि प्रत्येक फवारणीनंतर उरलेल्यांपासून वाढून अळ्या पुन्हा दहा हजार होतात असे मानू. पहिल्या फवाऱ्यात शेकडा नव्वद अळ्या मेल्या, शेतकरी संतुष्ट. दुसऱ्यात शेकडा एकोणनव्वद मेल्या. फरक कोणाच्या लक्षात येणार? तिसऱ्यात ब्याऐंशी मेल्या. शेतकरी म्हणतो, वारा होता, नीट बसले नाही. चौथ्या वेळी पाहतो तर शेकडा पंचेचाळीसच मेल्या आणि निम्म्याहून अधिक शेतात फिरताहेत. म्हणजे पहिल्या तीन वेळा औषध चालत होते असे आपल्याला वाटले, त्याच तीन वेळांत हजारात एक असलेली ती अळी दोघींत एक झाली होती. नुकसान डोळ्यांना दिसते तेव्हा ते होऊन चुकलेले असते. यास्तव ‘लागू पडेनासे झाले की औषध बदलू’ हा विचार कामाचा नाही; औषध उत्तम लागू पडत असतानाच त्याला विश्रांती दिली पाहिजे.

प्रत्यक्षात आपण काय करतो? औषध कमी पडले की मात्रा दुप्पट करतो, दोन बाटल्या एकत्र ओततो, आठ दिवसांचा फवारा चार दिवसांवर आणतो. त्याने साध्या अळ्या अधिक मरतात आणि राकट अळ्यांना प्रतिस्पर्धी उरत नाही. शिवाय ढालकिडे, क्रायसोपा, कोळी, अंड्यांत अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही चिमुकली गांधीलमाशी, असे जे मित्रकीटक राकट व साध्या अळीत भेद न करता दोघींनाही खातात, तेही संपतात. आणि फवारणारा माणूस त्या विषात दिवसभर उभा असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांतले कित्येक दगावले. त्या वेळी पेपरांतून चर्चा झाली ती मुखपट्टीची आणि हातमोज्यांची. ती योग्यच होती. पण मुळात इतक्या वेळा, इतके जहाल विष मारण्याची पाळी का आली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता.

याच अळीची, याच औषधांशी गाठ ऑस्ट्रेलियातही पडली होती, आणि तेथील हकीकत ऐकण्यासारखी आहे. क्वीन्सलंड प्रांतात एमराल्ड येथे १९८३ च्या जानेवारीत पायरेथ्रॉइड औषधे कपाशीवर अपेशी ठरली. त्याच वर्षी, पुढच्या पेरणीच्या आत, शास्त्रज्ञ, औषधविक्रेते व शेतकरी यांनी एकत्र बसून हंगामाचे तीन भाग पाडले आणि असे ठरवले की ही औषधे मधल्या भागातच, केवळ बेचाळीस दिवस वापरायची. बेचाळीस दिवस अशासाठी की तेवढ्या काळात किडीची एकच पिढी त्या विषाच्या तोंडी येते. मागच्या व पुढच्या पिढ्यांवर निराळ्या जातीची औषधे वापरायची, म्हणजे एका पिढीत जो राकटपणा वाढला तो पुढच्या पिढ्यांत ओसरायला वाव मिळतो. हा काही दंडाचा कायदा नव्हता; लोकांनी आपखुशीने तो पाळला. पुढे ती मुदत आणखी आखडली. कीड त्यामुळे कायमची हरली असे नाही. राकट अळ्यांचे प्रमाण तेथेही हळूहळू वाढतच गेले. परंतु ज्या औषधाने एक-दोन हंगामांत राम म्हटला असता ते पुढे अनेक वर्षे उपयोगी पडले आणि तेवढ्या अवकाशात दुसरे मार्ग शोधता आले. गुंटूरची अळी आणि एमराल्डची अळी एकाच जातीची. अनुभव चार वर्षे आधीचा आणि छापून आलेला. तरीही गुंटूरच्या शेतकऱ्यापर्यंत तो कोणी पोहोचवला नाही.

आता दुसऱ्या अळीकडे येऊ. शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी ही आपल्याकडची फार जुनी कीड. तिचे शास्त्रीय वर्णन १८४३ साली प्रसिद्ध झाले, तेच मुळी भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. ही अळी बोंडात शिरते आणि छिद्र बुजून गेल्यावर आत सरकी खात राहते; वरून फवारलेले विष तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. २००२ साली बीटी कपाशी आली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जमिनीतील जिवाणूचे एक जनुक या कपाशीत घातले असल्यामुळे झाडच अळीला मारक असे प्रथिन तयार करते. २००६ साली दोन जनुकांची जात आली. बोंडअळ्यांवरील फवारण्या एकदम उतरल्या, आणि त्या वेळी लोकांना जो दिलासा मिळाला तो खराच होता. पण निवडीचा नियम येथेही तोच. विष बाटलीतून येवो की पानातून, किडीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. बीटी झाड तर पेरणीपासून वेचणीपर्यंत रोज विष देत असते. त्याला विश्रांती ती नाहीच.

म्हणूनच बीटीच्या पिशवीबरोबर साध्या कपाशीचे १२० ग्रॅम बी वेगळ्या पाकिटात दिले जात असे. ते शेताच्या कडेने पाच ओळी किंवा पाचव्या हिश्श्यावर, यांतील जे जास्त होईल तितके पेरायचे. यामागील हेतू असा: बीटीच्या शेतातून एखादी राकट अळी वाचून तिचा पतंग झाला, तर त्याला जोडीदार मिळावा तो साध्या कपाशीवर वाढलेला साधा पतंग. त्यांच्या संततीत राकटपणाचा गुण एकाच बाजूने येतो, आणि एकेरी गुण असलेली अळी बीटी झाडाच्या पुऱ्या मात्रेपुढे टिकत नाही. कडेच्या त्या ओळी म्हणजे साध्या किडीचे माहेर. ते राखले तर बीटी टिकते.

हे माहेर आपण राखले नाही. दोन-चार एकरांच्या मालकाला पाचव्या हिश्श्यात अळीला जेवू घालणे परवडण्यासारखे वाटेना. त्या पाकिटातले बी पुष्कळदा हलके निघे. ते बांधावर फेकले जाई. का पेरायचे, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगणारे कोणी फारसे नव्हते. त्यात आपल्याकडची बीटी कपाशी बहुतेक सारी संकरित. तिच्या एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष असते आणि काहींत नसते. म्हणजे अळीला विषाची अर्धवट चव मिळत राहते, आणि अर्धवट मात्रा ही राकट अळी तयार करण्याची सर्वांत खात्रीची युक्ती होय. त्यातच पाणी असलेल्या शेतात कपाशी फाल्गुनापर्यंत उभी राहते, फरदड घेतली जाते, आणि शेंदरी अळीला वर्षातून जास्तीच्या पिढ्या काढायला मिळतात. २०१० च्या मार्चमध्ये गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचे जाहीर झाले. २०१५ च्या हंगामात गुजरातेतच दोन जनुकांची कपाशीही तिने पोखरली, आणि २०१७ साली महाराष्ट्र व तेलंगणातील शेतकऱ्यांनी बोंडे फोडून पाहिली तेव्हा आत तीच निघाली.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात याच अळीवर याच जनुकाची कपाशी १९९६ पासून होती. तेथील शेतकऱ्यांनी साध्या कपाशीच्या ओळी नेमाने राखल्या आणि दहा वर्षे कीड वाकलेली राहिली. नंतर २००६ पासून विमानातून वंध्य पतंग सोडण्याचा उपक्रम हाती घेतला गेला, म्हणजे वाचलेल्या पतंगांना निपुत्रिक जोडीदार मिळावेत. २०१८ साली देशाच्या कपाशीच्या मुलखातून शेंदरी अळी नाहीशी झाल्याचे तेथील कृषिखात्याने जाहीर केले. आपल्याकडे त्याच सुमारास ती बोंडाबोंडांत शिरत होती. तेथे शेते मोठी, शेतकरी मोजके, जिनिंगचे कारखाने थोडे; आपल्याकडे लाखो खातेदार. ही तुलना म्हणूनच सरळसोट करता येत नाही. तरी एवढे दिसते की हार ठरलेली नव्हती.

शेंदरी अळी बीटीला पुरून उरली. पण हिरवी अमेरिकन बोंडअळी, जिने गुंटूरला हाहाकार उडवला, ती बीटीपुढे तुलनेने पुष्कळच नरम राहिली. याचे कारण मोठे बोधप्रद आहे. शेंदरी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. हिरवी अळी मात्र तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर, ज्वारीच्या कणसावरही जगते. आपल्या शेतकऱ्याने कपाशीशेजारी तूर लावली, पलीकडे हरभरा पेरला, तेव्हा त्याने न कळत हिरव्या अळीचे माहेर राखले. तेथून निघालेले साधे पतंग राकट पतंगांत मिसळत राहिले. जे १२० ग्रॅमच्या पाकिटाने साधले नाही, ते जुन्या मिश्र पिकाने फुकट करून दिले.

मग आता करायचे काय? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि कृषिविद्यापीठांनी जी वाट दाखवली आहे तिचा सारांश सांगतो.

पहिली गोष्ट, फवारणी पंचांग पाहून करू नये. शेत पाहून करावी. शेंदरी अळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. लागोपाठ तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, अथवा तोडलेल्या शंभर हिरव्या बोंडांपैकी दहांत अळी निघाली, तरच औषधाचा विचार करावा. डोमकळी झालेली फुले दिसताच तोडून नष्ट करावीत.

दुसरी गोष्ट, पहिले दोन महिने शक्यतो फवारा नको. त्या काळात मित्रकीटकांचा संसार उभा राहत असतो. निंबोळी अर्कासारखे सौम्य उपाय तेव्हा पुरतात.

तिसरी गोष्ट, औषधाचे व्यापारी नाव वाचू नये. बारीक अक्षरांतले रासायनिक नाव वाचावे. सायपरमेथ्रिन, फेनव्हॅलरेट, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही चार नावे, घराणे एकच. प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस हे दुसरे घराणे. आज सायपरमेथ्रिन आणि पुढच्या महिन्यात डेल्टामेथ्रिन मारणाऱ्याने बाटली बदलली, औषध बदलले नाही. किडीच्या शरीरात कोणत्या मर्मावर घाव बसतो त्यावरून औषधांचे तीसहून अधिक गट पाडलेले आहेत. किडीच्या एका पिढीवर एका गटाचे औषध वापरले, तर पुढच्या पिढीवर त्या गटाला हात लावू नये. दोन गटांची मिश्रणे दुकानात तयार मिळतात. ती वारंवार वापरणे म्हणजे दोन्ही शस्त्रे एकदम बोथट करणे होय.

चौथी गोष्ट, पीक वेळेवर संपवावे. डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकावी, फरदडीचा मोह सोडावा, शेतात शेळ्यामेंढ्या घालून उरलीसुरली बोंडे चारावीत आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचून ठेवू नयेत. शेंदरी अळी किडक्या बोंडांत व सरकीत झोप काढून पुढच्या पावसाची वाट पाहते. मध्ये चार-पाच महिने तिला कपाशी दिसली नाही, तर तिच्या वंशातल्या साध्या आणि राकट, दोन्ही अळ्या सारख्याच उपाशी मरतात. उपासाला प्रतिकार करणारी अळी अजून जन्मलेली नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. हे सारे गावाने मिळून केले पाहिजे. पतंग बांध ओळखत नाही. एकाने नेमाने औषध बदलले आणि शेजाऱ्याने आठवड्याला तेच मारले, तर दोघांच्या अळ्या एकच होतात. गावविहिरीचे पाणी जसे एकट्याने राखता येत नाही, तसा औषधाचा गुणही एकट्याला राखता येत नाही. पण यात शेतकऱ्यालाच उपदेश करून मोकळे होणे अन्यायाचे होईल. तो औषध घेतो त्या दुकानातच त्याचे उधारखाते असते, आणि सल्लाही तेथलाच असतो. ज्याचा धंदा बाटलीवर चालतो त्याच्याकडून ‘यंदा फवारू नका’ हा सल्ला मिळण्याची अपेक्षा कशी करावी? म्हणून प्रत्येक तालुक्यात कोणते औषध कोणत्या महिन्यात विकू नये, हे ठरवण्याची आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी सरकारची, विद्यापीठांची व विक्रेत्यांच्या संघांची आहे. ऑस्ट्रेलियात विक्रेते त्या बैठकीस बसले होते, हे विसरता कामा नये.

शहरातल्या श्रोत्यांना वाटेल की हे सारे शिवारातले. आपल्याला काय त्याचे? तर डासांच्या वड्या नि विजेवर लावायच्या कुप्या यांत पुष्कळदा असते ते पायरेथ्रॉइड घराण्याचेच औषध. हिवतापापासून वाचवणाऱ्या औषधभारित मच्छरदाण्यांचा भरवसाही त्याच घराण्यावर आहे. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण मोहीम १९५३ साली डीडीटीच्या बळावर सुरू झाली, आणि १९५९ साली पंचमहाल जिल्ह्यातील डास डीडीटीला जुमानत नाहीत अशी नोंद झाली. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्ण लाखाच्या घरात उतरले होते. १९७६ मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. या उलट्या प्रवासाला ढिलाई, पैशाची चणचण अशी इतर कारणेही होती. पण बोथटलेले औषध हे त्यांतले एक होते.

हिशेब मांडून पाहावा. डासांविरुद्ध डीडीटी सहा वर्षे, कपाशीवर पायरेथ्रॉइड सात वर्षे, बीटीचे पहिले जनुक आठ वर्षे, दुसरे नऊ वर्षे. एवढ्या अवधीत आपण एकेका शस्त्राची धार घालवली. अगदी नवे औषध शोधून, पारखून शेतापर्यंत यायला साधारण दहा वर्षे तरी लागतात. म्हणजे खर्च मिळकतीहून वेगाचा आहे, आणि अशा संसाराचे काय होते हे कोणाही गृहिणीला ठाऊक आहे.

औषधाने मरणारी साधी कीड ही आपली सामायिक ठेव आहे, हे वाक्य कानाला विचित्र लागेल. पण सारा विषय त्यात आला. ती ठेव उरली आहे तोवरच औषधाला किंमत आहे. येत्या हंगामात हातपंप खांद्यावर घेण्यापूर्वी दहा झाडे हिंडून बोंडे फोडून पाहा, बाटलीवरचे बारीक नाव वाचा, आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याला त्याने मागच्या खेपेस काय मारले ते विचारा. एवढ्याने सुरुवात होईल.